बिबट्याच्या वर बिबडी

होळी झाली, ऊन कडक झालं, की आमच्या घरात कुणाचे हात रिकामे नसतात. त्या दिवशी सिंधीपुऱ्यातल्या आमच्या गच्चीवर सहा ओली धोतरं अंथरलेली होती आणि माझी धाकटी, पूर्णिमा, घाट्याच्या पातेल्यापाशी बसलेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ज्वारी तीन दिवस भिजवायची, दळायची, तीळ-लसूण-मिरची घालून शिजवायची, तो घाटा. तो गरम गरम, पाण्याच्या हाताने ओल्या धोतरावर गोल थापायचा आणि उन्हात वाळवायचा, ती बिबडी. एक असली तर बिबडी, पुष्कळ असल्या तर बिबड्या. हे नीट ध्यानात ठेवा पोरींनो, कारण पुढची सगळी गोष्ट या शब्दातल्या एका अक्षरावर उभी आहे.

तेवढ्यात फोन वाजला.

“आई, स्पीकरवर टाक ना. माझे हात भरलेत.”

मी टाकला. पलीकडून एका पोराचा आवाज आला. दबका, जसा कुणी कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून बोलतो तसा.

“हॅलो… बुऱ्हाणपूरहून बोलताय? तुमच्याकडे ते… घरगुती आहेत म्हणे?”

“हौ, घरगुतीच आहेत,” पूर्णिमा म्हणाली. “बाहेरचं काही नसतं आमच्यात.”

“केवढा आहे?”

“हाताच्या पंजाएवढ्या असतात.”

“पंजाएवढा? म्हणजे पिल्लू आहे.”

पूर्णिमाने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. गिऱ्हाइकं कशीही बोलतात.

“तिखट पाहिजे की साधी?” तिने विचारलं.

“तिखट म्हणजे… चावतो का?”

“चावायच्या आधी भाजावं लागतं.”

मग तो म्हणाला, “मॅडम, तुम्ही फॉरेस्टवाल्या नाहीत का?”

“आम्ही बिबड्यावाल्या आहोत.”

“पण इथे तुमच्या वेबसाइटवर तर साफ लिहिलंय… थांबा, वाचून दाखवतो. ‘बुऱ्हाणपूरच्या घरगुती बिबट्या. तिखट व साध्या. ऑर्डर करा, घरपोच मिळतील.’ आता मॅडम, माझ्या केळीच्या बागेत एक उभा आहे. मी म्हटलं, घरपोच देतात तर घेऊनही जात असतील.”

पूर्णिमाच्या हातातला घाटा हातातच राहिला. मग ती जी हसायला लागली… कपाळावरची बट घाट्याच्या हाताने मागे सारली, कपाळ माखलं, तरी हसतेय. पलीकडचाही हसायला लागला. मला राग यायला पाहिजे होता, पण त्या पोराचं हसू चांगलं होतं. खोटं बोलून काय करू.

“बागेत बिबट्या उभा आणि तुम्ही गप्पा मारताय?”

“मी घरात आहे, तो बागेत आहे. दोघं आपापल्या जागी.” मग जरा थांबून, “तुम्ही कुठे असता?”

मी फोन बंद केला. बिबट्या आणि पोरगा, दोघांनाही एका दिवसात एवढं पुरे.

*

आता त्या वेबसाइटचं सांगते. पूर्णिमाने ती दिवाळीत बनवली होती. म्हणाली, आई, सारा मुलूख आता नेटवर शोधतो, आपल्या बिबड्याही तिथे पाहिजेत. बनवली, आणि पुढे काही नाही. ना फोन, ना ऑर्डर. सहा बायका माझ्या हाताखाली काम करतात, मी त्यांच्यासमोर रोज विचारायची, “काय गं, तुझ्या दुकानाचं दार उघडलं का कुणी?” थापताना तिचा हात जोरात पडायचा. आणि एवढ्या महिन्यांत पहिला फोन आला, तो बिबट्याचा.

तिसऱ्या दिवशी मोटारसायकलवर एक उंच, उन्हाने काळवंडलेला पोरगा दारात उभा राहिला. हातात केळ्याची मोठी फणी.

“मी जीवन. डोईफोडियाहून आलो. बिबट्यावाला,” तो म्हणाला. “दोन किलो तिखट पाहिजे होत्या.”

डोईफोडिया म्हणजे खकनारकडे, जंगलाला लागून. दोन किलो बिबड्यांसाठी कुणी तिथून येत नाही, एवढं मला चौथी शिकूनही कळतं. पण गिऱ्हाईक दारातून परत पाठवायची आमच्यात रीत नाही. मी त्याला घाटा दिला वाटीत, वर कच्चं तेल. तो खाता खाता आपली माहिती देत गेला. केळी-कपाशीची शेती आहे, गावात ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे, कॉम्प्युटरचा कोर्स इथेच बुऱ्हाणपुरात केला.

“मॅडम, राग नका मानू,” तो पूर्णिमाला म्हणाला, “तुमच्या वेबसाइटवर शब्दच नाहीत.”

“आहेत की. हे काय एवढं मोठं पान.”

“हा शब्दांचा फोटो आहे. तुम्ही पत्रक छापलं, त्याचा फोटो लावला. सर्चवाल्याला वाटतं, काहीतरी रंगीत आहे. त्याला अक्षरं लागतात. लिहिलेली ओळ एकच आहे, आणि तिच्यात बिबट्या.”

“ती मी नाही लिहिली,” पूर्णिमा लाल झाली. “मी बिबड्याच टाकलं होतं. फोनने आपल्या मनाने सुधारलं.”

“आणि सर्चवाल्याला कळवलं पण नाही तुम्ही. आमचं घर इथे आहे, आत इतक्या खोल्या आहेत, येऊन बघून जा, असं सांगून यादी द्यावी लागते.”

“म्हणजे बोलावणं पाठवावं लागतं,” मी म्हणाले.

“एकदम बरोबर, मावशी.”

त्याने फोन हातात घेतला. “ओळ बदलू?”

“बदला,” पूर्णिमा म्हणाली.

“बिबट्या काढू?”

“काढा ना.”

“जरा वाईट वाटतंय. त्याच्यामुळेच तर…”

“त्याच्यामुळे काय?”

“त्याच्यामुळेच दोन किलो बिबड्या मिळाल्या.”

ती खाली बघून हसली. मी बिबड्या तोलल्या आणि पिशवी त्याच्या हातात दिली, जरा जोरातच.

*

पण तो पुन्हा आला. मग दर रविवारी यायला लागला. कधी म्हणे यादी पाठवायची राहिली, कधी म्हणे पानाचं नाव चुकलं. आमचे हे पेपरातून डोकं काढून फक्त एवढं म्हणाले, “या पोराला बिबड्या फार लागतात.” यांना बोलायला वर्षातून एकदा सुचतं, पण सुचतं ते नेमकं.

एका रविवारी तो म्हणाला, “पानावर लिहायला पाहिजे की बिबड्या कशा करतात. लोक तेच विचारतात. हे बघा, दुसऱ्या कुणी काय लिहिलंय.” आणि वाचायला लागला: एक वाटी ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी मैदा…

“मैदा?” मी पातेलं खाली ठेवलं. “कोण आहे ती बाई? तिला कुणी शिकवलं? पूर्णिमा, लिही.”

मी सांगत गेले, ती लिहीत गेली. ज्वारी कोणती, भिजवणीचं पाणी रोज का बदलायचं, घाटा शिजला हे कशावरून ओळखायचं. तो मधेच म्हणाला, “मावशी बोलतात तसंच लिहा. एक अक्षर हलवू नका.” म्हणून आमच्या पानावर आजही असं आहे: ‘बिबडी कापडाला चिकटते? चूक बिबडीची नाही, तुझ्या हाताची. कापड उलटं कर, मागून पाणी शिंपड, आणि फोन बाजूला ठेवून दोन्ही हातांनी सोडव.’

त्याच दुपारी तापीकडून एकदम काळं भरून आलं. चैत्रात पाऊस, कुणाच्या ध्यानीमनी नाही. गच्चीवर सगळ्या धोतरांवर अर्धओल्या बिबड्या. सगळे धावलो. मोठमोठे थेंब पडायला लागले, तापलेल्या गच्चीवर चर्र चर्र वाजायला लागले, आणि जिन्याचं दार इतकं अरुंद की धोतर आडवं आत जाईना. “उभं धरा,” पूर्णिमा ओरडली. जीवनने एका बाजूची दोन टोकं धरली, तिने दुसऱ्या बाजूची. धोतर उभं झालं, आणि दारात अडकलं.

मध्ये धोतर. इकडे हा, तिकडे ती. कापडाच्या वरून नुसते डोळे. पाऊस दोघांच्या केसांतून गळतोय आणि कुणालाही आत जायची घाई नाही…

पोरगा-पोरगी अशी कापड मध्ये धरून समोरासमोर कुठे उभी राहतात, ते मला पक्कं ठाऊक होतं.

“आत या,” मी म्हणाले, “नाहीतर बिबड्यांचा पुन्हा घाटा होईल.”

*

पावसाने लाइट नेली, फोनची रेंजही अर्धी झाली. जीवन ओसरीत डोकं पुसत होता, पूर्णिमा चहा टाकत होती. मला आपली हौस, माझं लिहिलेलं कसं दिसतं ते बघावं. पान उघडलं. अक्षरं आली, पण फोटो काही येईना. जिथे पूर्णिमाचे बिबडी थापतानाचे हात होते तिथे रिकामा चौकोन, आणि चौकोनात एक बारीक ओळ. मी बोट ठेवून एकेक शब्द वाचला.

‘बिबडी थापणारे पूर्णिमाचे हात. हे हात जन्मभर बघायला मिळावेत.’

दोनदा वाचलं. मग हाक मारली. दोघांनाही.

“हे काय आहे?”

जीवनचा चेहरा पांढरा पडला. “मावशी… ती ओळ फोटो उघडला नाही तरच दिसते. फोटोत काय आहे ते सर्चवाल्याला कळावं म्हणून असते.”

“म्हणजे माझ्या पोरीचं तू त्याला सांगितलंस. मला नाही.”

पूर्णिमाने माझ्या हातातून फोन घेतला. वाचलं. तिला हे माहीत नव्हतं, हे मी तिच्या मानेवरून ओळखलं. मान आधी लाल झाली, मग कान. तिने फोन परत दिला आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली,

“शुद्धलेखन बरोबर आहे.”

आणि चहा आणायला आत गेली. दोन कप आणले. एक माझा, एक त्याचा. त्याच्या कपाखाली बशी होती. माझ्या कपाला नव्हती.

म्हटलं, आता बोलायलाच पाहिजे. “हे बघ बेटा. आमच्या शेजारच्या वैजयंतीचा भाचा, विपुल, खंडव्याला असतो. आखाजी झाली की तो पूर्णिमाला बघायला येणार, हे ठरलेलं आहे. आणि तुझ्या गावात बिबट्या फिरतो. माझी पोर मी त्याच्या तोंडी देऊ?”

“तो गेला, मावशी.”

“आज गेला. आणि या फोनातून कुठे गेला?” मी फोन तोंडाशी धरला आणि स्पष्ट म्हणाले, “बिबड्या.” फोनने मलाच उलटं विचारलं की तुम्हाला ‘बिबट्या’ म्हणायचं आहे का, आणि खाली एकाखाली एक सगळे ठिपकेवाले मांडले. झाडावरचा, विहिरीतला, उसातला. आमचं नाव कुठेच नाही.

“बघ. याला सांग, मी सोजरबाई आहे, मला बिबट्या म्हणायचं नाही. आखाजीच्या सकाळी मी पुन्हा विचारीन. सगळ्यात वर माझी बिबडी आली, तर मी स्वतः डोईफोडियाला येऊन मांडवाची जागा बघीन. बिबट्या आला, तर विपुल येईल.”

“आई,” पूर्णिमा दारातून म्हणाली, “तू माझं लग्न एका पापडावर लावतेस?”

“पापड नाही. बिबडी.”

जीवनने चहा संपवला, कप बशीत ठेवला. “मंजूर आहे,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच सरळ पूर्णिमाकडे बघितलं. “तुम्हाला?”

“मी तर दिवाळीपासून तेच म्हणतेय,” ती म्हणाली. “बिबड्या वर यायला पाहिजेत.”

*

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वीस दिवस होते. पोरं कामाला लागली ती अशी की बघत राहावं. तो डोईफोडियाहून फोनवर, ही गच्चीवर. बिबडीचं एक पान, घाट्याचं एक पान, गिऱ्हाइकांच्या प्रश्नांचं एक पान. फोटो हलके केले, म्हणजे कमी रेंजमध्येही उघडतील. सर्चच्या यादीत आपण कुठे आहोत, त्यावरून मधूनमधून ऐकू यायचं:

“आज कितव्या पानावर?”

“पाचव्या.”

“मग हसताय काय?”

“काल कुठेच नव्हतो ना, मॅडम.”

“मॅडम म्हणू नका.”

“मग काय म्हणू?”

“…आधी दुसऱ्या पानावर या.”

दुसऱ्या पानावर आले, आणि तिथेच अडकले. आठ दिवस राहिले. पूर्णिमा जेवेना. मी विचारलं, आता काय अडलं? ती म्हणाली, “सर्चवाला चौकशी करतो, आई. आपण आपल्याबद्दल कितीही चांगलं लिहिलं तरी तो बघतो, दुसरं कुणी आपलं नाव घेतंय का. चांगल्या घरच्या पानाने आपला पत्ता दिला, तर तो मानतो.”

मी मनात म्हटलं, हा तर अगदी आपल्यासारखा निघाला. स्थळ बघताना आपण नवऱ्या मुलाला थोडंच विचारतो, तू कसा आहेस म्हणून? त्याच्या गल्लीत विचारतो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जाते सांगून मी डोईफोडियाची बस धरली. चहाच्या टपरीवर एक म्हातारा बसला होता, कडू नावाचा. विचारलं, जीवनचं दुकान कुठे, पोरगा कसा? म्हातारा म्हणाला, “बाई, माझं नाव कडू. सरकारी कागदांत सगळीकडे कल्लू लिहून ठेवलं होतं. सात वर्षं मी कल्लू होतो, पेन्शन मिळेना. या पोराने चार चकरा मारल्या, एक पैसा घेतला नाही, पण मला पुन्हा कडू करून आणलं. म्हणाला, बाबा, नाव चुकलं की माणूस सापडत नाही.”

मी चहा पूर्ण प्याले. दुकानाकडे गेलेच नाही. काय बघायचं राहिलं होतं?

घरी येऊन, जिन्यात कुणी नाही बघून, मी जळगावला माझ्या बहिणीच्या रंजिताला फोन लावला. तिचं नेटवर स्वयंपाकाचं पान आहे, हजारो बायका वाचतात. मैदा घालणारी ती बाई हीच, हे मला मागाहून कळलं होतं. म्हटलं, “रंजिता, तू बिबड्या लिहिल्यात, त्यात मैदा घातलास. तुझ्या आजीने बघितलं असतं तर लाटणं फेकलं असतं. काढ तो. आणि बरोबर कुठे लिहिलंय, त्याचा पत्ता खाली दे.”

एवढंच. तिने काय करायचं ते तिचं तिने करावं.

*

आखाजीला आमच्या गल्लीतल्या कडुनिंबाला झोका बांधतात. माहेरी आलेल्या पोरी सकाळपासून झोक्यावर, घराघरात आमरसाचा वास. वैजयंती नवं लुगडं नेसून आली होती, विपुलचा फोटो घेऊन. जीवन आंब्यांची पाटी घेऊन आला, पण तोंड उतरलेलं.

“मावशी, एक सांगायचं होतं. आज सकाळीच आमच्याकडे तो परत आलेला बिबट्या धरला. पिंजऱ्यात. सगळ्या बातम्यांत तोच आहे.”

म्हणजे ज्या दिवशी तो गावातून कायमचा गेला, नेमका त्याच दिवशी फोनात वर चढून बसणार. पूर्णिमा झोक्याची दोरी धरून उभी राहिली. तिच्या हातांवर मेंदी होती.

“ठरलं ते ठरलं,” मी म्हणाले. माझा शब्द मी कधी मागे घेतला नाही, आणि त्या सकाळी मला त्याची जरा भीती वाटली, हेही लिहून ठेवते. गल्ली गोळा झाली. मी फोन तोंडाशी धरला.

“बिबड्या.”

फोन क्षणभर गोल गोल फिरला. मग त्यातली बाई, शहरी, गोड आवाजाची, सगळ्यांसमोर बोलायला लागली:

“बिबडी कापडाला चिकटते? चूक बिबडीची नाही, तुझ्या हाताची. कापड उलटं कर, मागून पाणी शिंपड…”

पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही. झोक्यावरच्या पोरींनी असा कल्ला केला की कडुनिंबावरचे कावळे उडाले. जीवन हातातली पाटी धरून नुसता उभा. पूर्णिमानेच फोन घेतला, बोट फिरवत वाचलं. “पहिलं आपलं. दुसरं आपलं, घाट्याचं. तिसरं रंजिताताईचं…” ती थांबली. “बिबट्या सगळ्यात खाली आहे. पिंजऱ्यासकट.” मग माझ्याकडे वळली. “आई, रंजिताताईने आपला पत्ता कधी दिला? पाच दिवस झाले म्हणे.”

“मला काय ठाऊक. मी कुठे नेट बघते?”

ती माझ्याकडे बघत राहिली. आमचे हे पेपराआडून हसले. आमच्या घरात फोन जिन्यात बोललेला खाली ओसरीत ऐकू येतो, हे मी विसरले होते.

तेवढ्यात फोन वाजला. नागपूरहून कुणी बाई होती. तिला पाच किलो पाहिजे होत्या, तिखट. घरपोच. पूर्णिमाने पत्ता लिहून घेतला, आणि लिहिता लिहिता डोळे पुसले.

वैजयंती म्हणाली, “मग विपुलला काय कळवू, सोजरबाई?”

“कळव, लग्नाला ये. येताना उपाशी ये.”

मग मी जीवनकडे वळले. “आंबे खाली ठेवा, जीवनराव. हात दुखतील.”

तो ‘राव’ ऐकून त्याच्या हातून पाटी सुटलीच. आंबे गल्लीभर. दोघं खाली बसून गोळा करायला लागली. एकच आंबा दोघांच्या हातात आला, आणि मी मुद्दाम झोक्याकडे बघितलं.

“दुसऱ्या पानावर आलो की काय म्हणायचं, ते तुम्ही सांगणार होता,” तो हळूच म्हणाला.

“आता तर पहिल्यावर आहात,” ती म्हणाली. “नुसतं पूर्णिमा म्हणा…”

*

मांडवाची जागा मी डोईफोडियाला जाऊन बघितली. बागेपासून लांब, कडूच्या अंगणाला लागून. अंतरपाट मी घरून नेला. भटजींनी उलगडला आणि म्हणाले, “बाई, याच्यावर डाग आहेत. गोल गोल.”

“डाग नाहीत,” मी म्हणाले, “घाटा आहे. धरा तुम्ही.”

कापडाच्या वरून पुन्हा तेच चार डोळे. या वेळी मी आत या म्हणून ओरडले नाही.

लग्नाचा फोटो आता आमच्या पानावर आहे. आणि रेंज कमी असली की त्याच्या जागी जी बारीक ओळ दिसते, ती मी सांगितलेली आहे. सर्चवाल्यालाही कळू दे.

‘ही माझी लेक. हा माझा जावई. बिबट्या या फोटोत नाही.’